चुकलेला बाण आणि खचलेले मन

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली आणि अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज दुसरे काही दिसले नाही, ही गोष्ट आपल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. गोष्ट चांगली आहे. पण तिच्यात बाण बरोबर लागतो आणि तिथेच ती संपते. बाण लागला नाही तर धनुर्धराने पुढे काय करायचे, हे ती सांगत नाही. आणि तुमचा-आमचा संबंध तर बहुधा न लागलेल्या बाणाशीच येतो! म्हणून आज आपण चुकलेल्या बाणाविषयी बोलू.

उदाहरण जरा लांबचे घेऊ. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचे एक हरीण आहे. पळताना ते शेपटी उभारते आणि तिच्याखालचा पांढरा भाग निशाणासारखा दिसतो, म्हणून त्याचे हे नाव. १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे ही हरणे काही लाखांवर आली होती. पुढे कायदे झाले, परवाने आले, हंगाम ठरले आणि त्यांची संख्या पुन्हा कोटींत गेली. आता ती मक्यात शिरतात, सोयाबीन खातात, फळझाडांचे शेंडे खुडतात. विदर्भातल्या शेतकऱ्याला रोह्याचा जो त्रास, तोच तिथल्या शेतकऱ्याला हरणाचा. त्यामुळे दर वर्षी शरदात तिथे परवाना काढून हरणाची शिकार होते. त्यातही धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचा हंगाम वेगळा असतो. विस्कॉन्सिन राज्याने असा स्वतंत्र हंगाम १९३४ साली सुरू केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी धनुष्य घेऊन रानाकडे निघू नये. पिकाचे नुकसान झाले असेल तर वनखात्याकडे अर्ज करावा. आपल्याला शिकारीचे अनुकरण करायचे नाही. नेम चुकल्यावर मन कसे खचते आणि ते पुन्हा कसे उभे राहते, एवढेच त्या शिकाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, बंदुकीने नाही का नेम चुकत? चुकतो. पण धनुर्धराची गोष्ट वेगळी असते. तो पहाटे अंधारात झाडावर बांधलेल्या मचाणावर चढून बसतो. थंडीत तासन् तास हलत नाही. कित्येक दिवस काहीच दिसत नाही. मग एके दिवशी हरीण येते, वीस-पंचवीस मीटरांवर थांबते, आणि सगळ्या हंगामाचा निकाल दोन-तीन क्षणांत लागायचा असतो. तो बाण चुकला तर दुसरी संधी पंधरा दिवसांनी येईल किंवा येणारही नाही. मधल्या काळात तो चुकलेला बाण मनात शंभर वेळा सुटतो. मग दुसरे हरीण समोर आले की हात आधीच कापायला लागतो.

तर बाण चुकतो का? कारणे बहुधा साधी असतात. पहिले कारण अंतराचे. चांगल्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर जातो. म्हणजे ३० मीटर जायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि तेवढ्या वेळात तो सरळ रेषेपासून सुमारे ६० सेंटीमीटर खाली येतो. हे धरूनच धनुर्धर थोडे वर रोखतो. पण हरीण ३० मीटरांवर आहे असे समजून त्याने बाण सोडला आणि ते प्रत्यक्षात ३५ मीटरांवर असले, तर बाण दहा-बारा सेंटीमीटर खाली लागतो. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम जेवणाच्या ताटलीएवढा असतो. तिच्या मध्यावर रोखलेला बाण एवढा खाली गेला की तो ताटलीच्या काठावर किंवा काठाबाहेर जातो. पाच मीटर म्हणजे किती हो? सहा-सात पावले! पण तेवढ्या चुकीने सगळे फिसकटते.

दुसरे कारण हरणाच्या कानाचे. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, म्हणजे बाणाच्या चौपट. ३० मीटरांवरच्या हरणाला आवाज आधी ऐकू येतो आणि बाण पोचायला अजून पाव सेकंद बाकी असतो. सावध हरीण दचकून उडी घेते. पण उडी घेण्याआधी ते पाय मुडपून खाली दबते, आपण उडी मारताना गुडघे वाकवतो ना, तसेच. तेवढ्यात ते वीतभर खाली जाते आणि बाण पाठीवरून निघून जातो. धनुर्धराला वाटते, आपला नेम वर गेला. नेम बरोबरच होता. हरीण जागेवर राहिले नाही.

तिसरे कारण मचाणाचे. सराव जमिनीवर उभे राहून केलेला, आणि प्रत्यक्ष बाण पाच-सहा मीटर उंचीवरून खाली मारायचा. अशा वेळी माणूस नुसता हात खाली करतो. मग खांदा आणि हात यांची मांडणी मोडते. कमरेतून वाकले तर ती मांडणी कायम राहते. याखेरीज वाटेत न दिसलेली काटकी असते, जाड कोटाच्या बाहीला घासलेली दोरी असते, मचाणावर चढवताना आपटून हललेली नेमाची खूण असते. ही सारी कारणे शोधता येतात आणि दुरुस्त करता येतात.

शेवटचे कारण मात्र धनुर्धराच्या मनात असते. मोठे शिंगाळे हरीण समोर आले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातापायांत कापरे भरते. अमेरिकेतले शिकारी याला ‘बक फीवर’ म्हणतात. आपण त्याला हरणाचा ताप म्हणू. तो नवशिक्याला येतो तसा जुन्यालाही येतो. पण वारंवार चुकून जो दुसरा विकार जडतो तो जास्त चिवट. त्याला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. नेम लक्ष्यावर येण्याआधीच बोटे दोरी सोडून देतात. किंवा नेम लक्ष्याच्या खाली अडकून बसतो, काही केल्या वर येत नाही. इतर वेळी हाच माणूस दगड उचलील इतका धडधाकट असतो. हात त्याचे, बोटेही त्याचीच, पण ऐकत नाहीत. चुकण्याची भीती इतकी वाढते की एकदाचा बाण सुटून जावा आणि सुटका व्हावी, असे मनाला होते.

अशा माणसाला भोवतालचे लोक काय सांगतात? “घाबरू नको, हिंमत धर!” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण उपयोग होत नाही. हिंमत काही खिशातून काढून दाखवायची वस्तू नाही. विश्वास परत आणायचा तर काम लहान करावे लागते. ते कसे, पाहा.

बाण चुकला की पहिल्याप्रथम स्वस्थ उभे राहायचे. रागाच्या भरात लगेच दुसरा बाण सोडायचा नाही. हरीण कुठे उभे होते, कोणत्या झाडाजवळून गेले, ते डोळ्यांत साठवायचे. मग खाली उतरून बाण शोधायचा. बाण काय घडले ते सांगतो. तो कोरडा, स्वच्छ असेल, केस नाही, रक्त नाही, तर तो खरोखर चुकला. बाणावर फेसाळ तांबडे रक्त असेल तर तो फुप्फुसाला लागला. हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागला. मग ते हरीण लगेच हुसकायचे नाही. कित्येक तास थांबून माग काढायचा आणि शेवटपर्यंत शोधायचे. लागलेल्या बाणाला “चुकला असेल” म्हणून घरी जाणे हे चुकण्यापेक्षा शंभरपटीने वाईट. चुकलेला बाण मातीत जातो. अर्धवट लागलेला बाण जिवंत प्राण्याच्या अंगात राहतो.

दुसरी पायरी साधनांच्या तपासणीची. घरी येऊन ओळखीच्या अंतरावरून निशाणावर दोन-चार बाण मारायचे. तिथे बाण बरोबर लागले तर धनुष्य ठीक आहे. नाही लागले तर दोष हललेल्या खुणेचा, आणि आपण उगाच स्वतःला बोल लावत होतो असे कळते. मग अंतर पावलांनी मोजायचे आणि वहीत दोन ओळी लिहायच्या: अंतर किती वाटले, किती निघाले, बाण वर गेला की खाली. “मी नालायक आहे” असे वहीत लिहायचे नाही. त्या वाक्यातून दुरुस्ती कसली करणार?

तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि करायला सगळ्यांत लाजिरवाणी वाटते. गवताच्या घट्ट भाऱ्यासमोर तीन-चार मीटरांवर उभे राहायचे. भाऱ्यावर निशाणच ठेवायचे नाही. लोक म्हणतील, “अहो, एवढ्या जवळून पोरसुद्धा मारील!” मारील ना, म्हणूनच तर तिथे उभे राहायचे. जिथे चुकणे शक्यच नाही, तिथे चुकण्याची भीतीही नाही. मग लक्ष फक्त पाय, खांदा, श्वास आणि पाठीचा ताण यांच्याकडे द्यायचे. दोरी बोटांच्या झटक्याने सोडायची नाही. पाठीचे स्नायू हळूहळू आवळत न्यायचे आणि दोरी आपोआप सुटू द्यायची. रोज थोडे बाण, काही आठवडे. मग मोठे निशाण, मग पाच मीटर, मग दहा. जिथे जुनी भीती डोके वर काढील तिथून एक पाऊल मागे यायचे.

चौथा अभ्यास बाण न सोडण्याचा. दोरी पूर्ण ओढायची, नेम धरायचा आणि बाण न सोडता दोरी सावकाश परत आणायची. असे पुन्हा पुन्हा केले म्हणजे हाताला कळते की नेम धरला म्हणजे सोडलेच पाहिजे असे नाही. सोडणे न सोडणे आपल्या हातात आहे, एवढे समजले की निम्मी धास्ती जाते.

रानात तर याचे मोल फारच. १९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा याही जमातीचा माणूस गोऱ्यांच्या वस्तीत आला. त्याच्या जमातीतला तो अखेरचा. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टराने त्याच्याकडून धनुष्य करण्याची व शिकारीची विद्या घेतली आणि १९२३ साली त्यावर पुस्तक लिहिले. अमेरिकेतल्या आधुनिक धनुर्धारी शिकारीला त्या पुस्तकाने चालना दिली. इशीचे बळ लांबच्या नेमात नव्हते. दबा धरून सावजाच्या अगदी जवळ जाणे, आणि जवळ नसेल तर थांबणे, हे त्याचे बळ. पुढे १९६० नंतरच्या दशकात मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी कप्प्या लावलेले कंपाऊंड धनुष्य काढले. १९६९ साली त्याचे पेटंट मिळाले. धनुष्य जोरकस झाले, पण हरणाचा कान आणि माणसाचे मन होते तसेच राहिले. म्हणून जाणता शिकारी आपली हद्द ठरवतो: सरावात दहापैकी दहा बाण ताटलीएवढ्या जागेत जितक्या अंतरावरून बसतात, तेवढेच माझे अंतर. विश्वास डळमळला असेल तर हद्द आणखी जवळ आणायची. तरीही हात स्थिर नसेल तर हरीण जाऊ द्यायचे. आपल्या मनाची समजूत घालण्यासाठी जिवंत प्राण्यावर प्रयोग करायचा नाही. गेलेल्या हरणाची हळहळ दोन दिवसांची असते.

आता शिक्षकांसाठी थोडे. आपल्याकडे तिरंदाजी निशाणावर चालते आणि महाराष्ट्राने तिच्यात मोठे नाव मिळवले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाऊंड प्रकारात वैयक्तिक विजेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा आणि साताऱ्यात सराव केलेला ओजस देवतळे पुरुषांत विजेता ठरला. अंतिम सामन्यात त्याने १५० पैकी १५० गुण मिळवले. प्रतिस्पर्ध्याचे होते १४९. पन्नास मीटरांवर, आठ सेंटीमीटरच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण! आणि प्रत्येक बाणाला वीस सेकंद. त्या वीस सेकंदांतही नेम जमला नाही तर दोरी उतरवून पुन्हा ओढण्याची मुभा खेळाडूला असते. पण ती मुभा वापरण्याची सवय आधी लागलेली असावी लागते.

तुमच्या शाळेत बांबूचे धनुष्य असो की विकतचे, मूल चुकू लागले तर त्याला सगळ्यांसमोर “नीट बघ” असे ओरडू नका. ते बघतेच आहे. त्याला निशाणाजवळ आणा. निशाण काढून घ्या. गुण लिहिणे महिनाभर बंद ठेवा आणि उभे राहणे, ओढणे, सोडणे यांचेच कौतुक करा. बाण कुठे गेला हे त्यालाच सांगू द्या. “डावीकडे गेला” असे सांगणारे मूल दुरुस्तीच्या वाटेला लागलेले असते. बाकीचे नियम ठाऊकच आहेत: रेषेच्या पुढे कुणी नाही, शिट्टी झाल्याखेरीज बाण आणायला जायचे नाही, आणि बाण न लावता ओढलेली दोरी मोकळी सोडायची नाही, धनुष्य मोडते.

हीच रीत गणिताच्या तासालाही लागू पडते. अपूर्णांकात वारंवार चुकणाऱ्या मुलाला आणखी अवघड गणिते देऊन धीट करता येत नाही. त्याला अर्ध्या भाकरीपर्यंत, पाव भाकरीपर्यंत मागे न्यावे लागते. पेरणी फसलेला शेतकरीही पुढच्या साली नवे बियाणे आधी एका वाफ्यात उगवून पाहतो, मगच सगळे रान पेरतो. धनुर्धराची तीन-चार मीटरांवरची जागा ती हीच.

तेव्हा बाण चुकला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी तो बाण शोधा, आणि काय घडले ते त्याच्याकडून समजून घ्या. मग लाज न धरता दहा पावले पुढे जाऊन उभे राहा. तिथून लागू लागला की एकेक पाऊल मागे सरका.