दिव्यांगत्वाचा दाखला : डॉक्टरांचा आकडा आणि दाव्याचे भवितव्य

झाशी : श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि पोरबंदर-सिलचर हा महामार्ग 27 झाशीत एकमेकांना छेदतात. शहराला लागून छावणी आहे, जवळच बबीनाचे गोळीबार मैदान आहे. रेल्वेचा एकोणिसाव्या शतकातील वाघिणींचा कारखाना आहे आणि भोवतालच्या बुंदेलखंडी माळावर दगड फोडणारे क्रशर आहेत. अपघातग्रस्त वाहनचालक, निवृत्त जवान, कारखान्यातील कामगार आणि खडी फोडणारा मजूर यांचे जगणे एकमेकांपासून दूर असले, तरी शरीराला कायमची हानी पोहोचल्यावर या सर्वांना एकाच उंबरठ्यावर यावे लागते. तो उंबरठा डॉक्टरांचा आहे. दिव्यांगत्वाचा कोणताही लाभ मागायचा असेल, तर पहिला पुरावा वैद्यकीय असतो आणि बहुतेक दाव्यांत तोच निर्णायक ठरतो.

मात्र हा पुरावा प्रत्येक कार्यालयात वेगळ्या पद्धतीने वाचला जातो, हे अर्जदारांना सहसा कोणी सांगत नाही.

समजा, क्रशरवर काम करताना दगडाची कपची उडून एका मजुराचा डोळा गेला. दुसरा डोळा शाबूत आहे. केंद्र सरकारच्या दिव्यांगत्व मूल्यमापनाच्या तक्त्यानुसार त्याचे दिव्यांगत्व 30 टक्के भरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार बहुतेक लाभांसाठी ‘लक्षणीय दिव्यांगत्व’, म्हणजे किमान 40 टक्के, लागते. उत्तर प्रदेशच्या दिव्यांग पेन्शनलाही हीच अट आहे. दरमहा 1,000 रुपयांच्या या योजनेसाठी ग्रामीण भागात 46,080 आणि शहरी भागात 56,460 रुपये अशी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवलेली आहे. हा मजूर उत्पन्नाच्या अटीत बसेल, टक्केवारीत बसणार नाही. तोच मजूर कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली मालकाविरुद्ध दावा करू लागला, तर मात्र चित्र बदलते. त्या कायद्याच्या अनुसूचीत एक डोळा गमावल्यास कमाईच्या क्षमतेतील घट 40 टक्के धरली आहे. डोळा जागेवर राहून केवळ दृष्टी गेली असेल, तर 30 टक्के. म्हणजे जखम तीच आणि माणूसही तोच, पण एका कायद्यात तो अपात्र ठरतो आणि दुसऱ्यात भरपाईचा हक्कदार. पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला की आपला सगळाच हक्क संपला, असे मानून घरी परतणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

टक्केवारीची बेरीजही साधी नसते. एका अवयवाचे 30 टक्के आणि दुसऱ्याचे 20 टक्के दिव्यांगत्व असल्यास एकूण 50 होईल, अशी सर्वसामान्य समजूत असते. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांतील सूत्र असे आहे : मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (90 वजा मोठा आकडा) भागिले 90. या सूत्राने 30 आणि 20 मिळून सुमारे 43 टक्के होतात. पन्नास नव्हे, तरीही चाळिसाच्या वर. त्यामुळे मंडळापुढे एकाच व्याधीची कागदपत्रे नेणारा अर्जदार स्वतःचे नुकसान करून घेतो. त्याला कमीही ऐकू येत असेल, तर ती तपासणीही त्याच वेळी मागणे हिताचे असते.

दाखला कोठे मागायचा, याविषयीचा नियम झाशीसाठी विशेष महत्त्वाचा आहे. हे शहर उत्तर प्रदेशात असले, तरी मध्य प्रदेशाची सीमा अगदी निकट आहे. दतिया आणि निवाडीकडील रुग्ण उपचारासाठी येथील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात येतात. 2017 च्या नियमांनुसार अर्ज निवासाच्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे करता येतो किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या दिव्यांगत्वावर उपचार झाले, तेथेही करता येतो. दाखला नाकारल्यास कारणे लेखी कळवणे बंधनकारक आहे आणि निर्णय मान्य नसल्यास अधिनियमाच्या कलम 59 नुसार अपील करता येते. ‘बसत नाही’ एवढे तोंडी ऐकून परतणाऱ्या अर्जदाराच्या हाती अपिलासाठी काहीच उरत नाही. नकाराचा कागद मागून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

न्यायाधिकरणात डॉक्टरांची भूमिका आणखी वेगळी होते. रस्ता अपघाताच्या भरपाईसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात कामाची स्पष्ट विभागणी करून दिली. शरीराची हानी किती आणि ती कायमची आहे काय, हे डॉक्टरांनी सांगायचे. त्या हानीमुळे कमाई किती घटली, हे न्यायाधिकरणाने ठरवायचे. डावा हात गेलेला सुतार किंवा वाहनचालक आपल्या व्यवसायातून पूर्णपणे उठतो, कारकून कदाचित उठणार नाही. दाखल्यावरील टक्केवारी मात्र दोघांची सारखीच असेल. कामगार भरपाईच्या क्षेत्रात हेच तत्त्व 1970 च्या दशकातच मान्य झाले होते. त्या प्रकरणात कोपराच्या वर हात कापावा लागलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले होते.

राजकुमार निकालात एक इशाराही आहे. प्रत्यक्ष उपचार न करता मागणीबरहुकूम दाखले देणाऱ्या डॉक्टरांपासून न्यायाधिकरणांनी सावध राहावे आणि शंका आल्यास दावेदाराला वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे, असे न्यायालयाने म्हटले. उपचार करणारे डॉक्टर साक्षीला येण्यास नाखूश असतात, हेही न्यायालयाने ओळखले होते. त्यांना दिवसभर तिष्ठत न ठेवता निश्चित वेळ द्यावी किंवा त्यांची साक्ष आयुक्तामार्फत नोंदवून घ्यावी, अशी सूचना त्यात आहे. दाखला देणारा डॉक्टर उलटतपासणीला उभाच राहिला नाही, तर त्या कागदाचे वजन घटते. त्याचा फटका डॉक्टरांना बसत नाही, दावेदाराला बसतो.

आता छावणीकडे वळू. सैनिकांच्या विकलांगता पेन्शनमध्ये डॉक्टरांची लेखणी सर्वांत प्रभावी असते आणि वादही तेथेच सर्वाधिक होतात. येथे मंडळाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हानी किती टक्के आणि ती लष्करी सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली काय. पहिल्याचे उत्तर किमान 20 टक्के असावे लागते. त्यापुढे आकडा वरच्या टप्प्यावर नेण्याची तरतूद 2001 पासून आहे. पन्नासच्या खालील टक्केवारी 50, पन्नास ते 75 मधील 75 आणि त्यावरील 100 धरली जाते. आधी ही सवलत मुदतीपूर्वी सेवेतून बाहेर काढलेल्यांपुरती होती. रामअवतार प्रकरणातील डिसेंबर 2014 च्या निकालाने ती सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. साहजिकच 19 आणि 20 मधला एक टक्का म्हणजे काहीही न मिळणे आणि 50 टक्क्यांच्या दराने पेन्शन मिळणे, एवढे अंतर ठरते.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. मधुमेह, रक्तदाब, अपस्मार किंवा मानसिक आजार सेवेमुळेच झाला, हे सिद्ध कसे करायचे? सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या जुलै 2013 च्या निकालात हा भार सैनिकाच्या खांद्यावरून उतरवला. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्मारामुळे त्या जवानाला बाहेर काढण्यात आले होते आणि मंडळाने आजाराचा सेवेशी संबंध नाही, एवढेच लिहिले होते. न्यायालयाने 1982 च्या नियमांवर बोट ठेवले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरायचे. भरतीच्या तपासणीत हा आजार कळणे शक्यच नव्हते, असे मंडळाचे मत असेल, तर त्याची कारणे द्यायची. तशी कारणे दिलेली नव्हती, म्हणून पेन्शन मंजूर झाली.

या निकालाला दशक उलटल्यानंतरही तोच मुद्दा पुन्हा पुन्हा न्यायालयात येतो आहे. मे 2025 मध्ये मानसिक आजाराच्या कारणाने सेवेतून काढलेल्या एका माजी जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, कारणे न देता नोंदवलेले मंडळाचे मत टिकणार नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणखी एक पळवाट बंद केली. आजार शांत क्षेत्रातील नेमणुकीत सुरू झाला, एवढ्यावरून त्याचा सेवेशी संबंध नाकारता येत नाही, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले. सीमेपासून दूर असलेल्या झाशीसारख्या ठाण्यांतील जवानांसाठी हा मुद्दा थेट महत्त्वाचा आहे. तज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या परीक्षेला न्यायालयाने सहसा हात लावू नये, हे तत्त्व योग्यच आहे. पण ‘सेवेशी संबंध नाही’ हे एका ओळीचे वाक्य म्हणजे परीक्षा नव्हे. त्यात तज्ज्ञता कोठे वापरली, हेच दिसत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून सेवा सोडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत आणि त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही नवी संज्ञा आली आहे. जुने निकाल दाखवताना आपण कोणत्या तारखेला निवृत्त झालो, हे आधी पाहावे लागते.

बबीना आणि झाशीत मराठी जवानही नेमणुकीवर असतात, महार रेजिमेंटचे केंद्रही सागरलाच आहे. येथे पाय मोडला किंवा कानठळी बसून ऐकू येईनासे झाले, तर त्याच आठवड्यात तयार होणारा दुखापत अहवाल, युनिटच्या डॉक्टरांची नोंद आणि चौकशी झाली असल्यास तिचा निष्कर्ष हीच पुढच्या दाव्याची खरी कागदपत्रे ठरतात. निवृत्तीच्या वेळचे मंडळ पंधरा-वीस वर्षांनी बसते आणि तेही या जुन्या नोंदीच चाळते. सातारा किंवा कोल्हापूरला परतलेल्या जवानाचा वाद सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालतो. झाशीतच स्थायिक झालेल्याला सुमारे 300 किलोमीटरवरील लखनौ गाठावे लागते आणि सीमेपलीकडच्या दतियात घर असलेल्याला जबलपूर.