गुणपत्रिकेच्या झेरॉक्सपासून लॉगिनपर्यंत: पनवेलच्या अकरावीचा मागोवा

१९७५ साली दहावीची पहिली तुकडी शालान्त परीक्षेला बसली आणि अकरावीचा वर्ग कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेला. तेव्हापासून मार्क देणारे एक आणि ते पाहून प्रवेश देणारे दुसरे, अशी व्यवस्था झाली. या दोघांमधला निरोप्या कित्येक वर्षे विद्यार्थी स्वतःच होता.

बोर्डाकडून गुणपत्रिका शाळेत यायची. मुले ती घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायची आणि मग सही-शिक्क्यासाठी एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याला गाठायची. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचा, कारण पनवेलचा जून म्हणजे धो धो पाऊस. पुढे कॉलेजगणिक वेगळा फॉर्म, वेगळी रांग आणि फलकावर लागणारी वेगळी यादी. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय हा गावातल्या अनेक घरांचा पहिला आधार होता. नंतर चांगू काना ठाकूर, पिल्लई अशी नावे जोडली गेली. ज्यांना मुंबईचे कॉलेज हवे, त्यांच्या पालकांचा रोज एक खाडा. आगरी पाड्यातल्या किंवा आदिवासी वाडीवरच्या मुलाला तर यादी लागल्याचा पत्ताच उशिरा लागायचा. मार्क असूनही प्रवेश हुकायचा तो असा.

२००९ मध्ये मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. एकच अर्ज, त्यात पसंतीक्रम, आणि राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे गुण थेट मंडळाच्या नोंदीतून. आसन क्रमांक टाकला की मार्क समोर. रांगा ओसरल्या, खाडाखोडीला वाव उरला नाही. हे मोठे काम झाले आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण मार्क पोहोचवणे सोपे झाले, तरी ते तोलायचे कसे हा वाद मिटला नाही. राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई यांचे गुण एका यादीत कसे बसवायचे? २००८ चे पर्सेंटाइलचे सूत्र उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णयही टिकला नाही. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरायचे, ही पद्धत उच्च न्यायालयाने रद्द केली, पण सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर इथे तिन्ही मंडळांची मुले एकाच इमारतीत राहतात. त्यामुळे हा वाद आमच्याकडे जिन्यातच रंगायचा.

मग तोंडी परीक्षेचे गुण. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेकडचे २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. मुले तशीच होती, मोजमाप बदलले होते. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी परीक्षांचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असा हिशेब मांडून ९९.९५ टक्के निकाल लागला. त्यावर उपाय म्हणून ठरवलेली सीईटी उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. अखेर प्रवेश त्याच गुणांवर झाले.

२०२५ मध्ये ही ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली. महाड-पोलादपूरची मुलेही पनवेलच्या मुलांसारखी पसंतीक्रम भरू लागली. सुरुवातीलाच संकेतस्थळ कोलमडले. निकाल १३ मे रोजी लागला, पण पहिली यादी जूनच्या अखेरीस आली. त्या वर्षी २११ मुलांना १०० टक्के होते. कलेचे आणि खेळाचे सवलतीचे गुण धरून शंभर गाठणाऱ्या गुणपत्रिका शेजारी असताना ८५ टक्केवाल्या मुलीला ‘कमी पडले’ असे वाटू लागते. त्या वाटण्याचा तिच्या अभ्यासाशी फारसा संबंध नसतो.

या पन्नास वर्षांचा धडा मला स्पष्ट दिसतो. यंत्रणेने मार्क जलद आणि विनाभेसळ पोहोचवायला शिकून घेतले आहे. त्या मार्कांचा अर्थ मात्र मुलांना कोणी समजावून देत नाही. गेल्या वर्षीचा कट-ऑफ कसा वाचायचा, पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथेच प्रवेश का घ्यावा लागतो, घराजवळच्या चांगल्या वर्गाला दूरच्या नावापेक्षा वर का ठेवावे, हे सायबर कॅफेवाल्यावर सोपवून चालणार नाही. दहावीच्या प्रत्येक शाळेने अर्ज भरण्याआधी विद्यार्थी आणि पालकांना घेऊन बसावे, आणि वाड्यापाड्यांवरच्या मुलांना आधी बोलवावे. त्यांना वर्षभर शिकवणाऱ्या शिक्षकांइतके त्यांचे मार्क दुसऱ्या कोणाला वाचता येत नाहीत.