रेनबो गॅदरिंग: नेता नाही, तिकीट नाही, मग जंगलात हजारो लोक राहतात कसे?

अमेरिकेत १९७२ पासून दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला हजारो लोक एखाद्या राष्ट्रीय वनात तंबू ठोकून राहतात. सामूहिक चुलींवर शिजलेलं जेवण सगळ्यांना मोफत मिळतं. खर्चासाठी टोपी फिरवली जाते, ज्याला जमेल तसे पैसे तो टाकतो. ४ जुलैला सकाळी मौन पाळून शांततेसाठी प्रार्थना होते.

खरी कसोटी असते पाण्याची आणि शौचाची. १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या मेळाव्यात शिगेला जिवाणूमुळे जुलाबाची मोठी साथ पसरली होती. पाणी उकळून पिणं, शौचाचे चर झऱ्यापासून लांब खणणं आणि जेवणाआधी हात धुणं इथे टाळून चालत नाही.

दुसरा पेच परवान्याचा. ७५ किंवा त्याहून जास्त लोक जमणार असतील तर वनखात्याची परवानगी लागते. पण नेताच नसेल, तर अर्जावर सही करणार कोण?