तिजोरीच्या दोन किल्ल्या आणि संगणकाचे दार

तिजोरीला दोन किल्ल्या असाव्यात आणि त्या दोन वेगळ्या व्यक्तींच्या ताब्यात असाव्यात, हा आर्थिक संस्थांमधील जुना दंडक आहे. त्यामागे कोणा एकाविषयी अविश्वास नसतो. एकाची चूक किंवा मोह सर्वांना भोवू नये, एवढाच हिशेब असतो. आज तिजोरीतील बराचसा ऐवज संगणकातील आकड्यांत सामावला आहे. त्या दाराच्या किल्लीची चौकशी मात्र फारशी होत नाही.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावांना हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कीर्द-खतावणीची जागा संगणक घेत आहे, हे स्वागतार्हच आहे. परंतु कीर्द पळविण्यासाठी चोराला गावात यावे लागे. संगणकातील कीर्दीसाठी त्याला स्वतःचा देशही सोडावा लागत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी लुटले गेले. कार्डाचा व्यवहार खरा की खोटा हे पडताळणारी व्यवस्था बाजूला सारून चोरांनी बनावट व्यवस्था उभी केली आणि २८ देशांतील एटीएम यंत्रांनी बनावट कार्डांवर मुकाट्याने पैसे दिले.

त्याआधी जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि न्हावाशेव्याच्या बंदरातील मर्स्क कंपनीच्या टर्मिनलचे काम त्याने विस्कळीत केले. एका संगणकात शिरलेला रोग आतल्या जाळ्यातून शेजारच्या संगणकांत जातो, तो असा. या कंपनीची यंत्रणा पुन्हा उभी राहू शकली ती घानामधील एका संगणकामुळे; तेथे वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. भारनियमनाला शिव्या देणाऱ्या वऱ्हाडाने यातील बोध घ्यावा. जपून ठेवायची प्रत जाळ्याबाहेर असली पाहिजे. मात्र ती वीज जाण्याच्या योगायोगावर सोडू नये.

उपाय अवघड नाहीत. ई-मेल आणि इतर इंटरनेटसाठी एक संगणक वेगळा ठेवावा व तो हिशेबाच्या जाळ्याला जोडू नये. हिशेबाच्या संगणकांना फायरवॉलमधून फक्त कामापुरत्या, ठरवून दिलेल्या ठिकाणीच जाता यावे. बाकी सर्व वाटा बंद असाव्यात. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे वायफाय निराळे असावे. प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासवर्ड स्वतंत्र असावा. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने मंजूर करावी. परका पेनड्राइव्ह आत येऊ नये. रोजची प्रत काढून ती काढता येण्याजोग्या डिस्कवर कुलपात ठेवावी आणि तिच्यावरून खाती खरोखर पुन्हा उभी राहतात की नाही, हे अधूनमधून तपासावे.

यावर आक्षेप येतो, की इंटरनेटवर बंधने घालणे हे मागासलेपण आहे आणि कर्मचाऱ्यांवरील अविश्वासही. पण बँकेतील रोखपालाच्या जाळीला कोणी अविश्वास म्हणत नाही. ती ग्राहकाच्या पैशाचे रक्षण करते आणि संशयापासून रोखपालाचेही.

खरी अडचण अर्थशास्त्राची आहे. सुरक्षिततेवरचा खर्च आज दिसतो. त्याचा लाभ म्हणजे न घडलेली दुर्घटना, आणि ती कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. म्हणून हा खर्च नेहमी पुढच्या वर्षावर ढकलला जातो. निर्णय संचालक घेतात. जोखीम मात्र सभासदाच्या शिरावर पडते. ऐन पेरणीच्या तोंडावर खात्याची नोंद नाहीशी झाली आणि पीककर्ज अडले, तर त्या शेतकऱ्यासमोर सावकाराचेच दार उरते. बियाण्याची वेळ संगणक दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत सभासदांनी नफा-लाभांशाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: आमच्या हिशेबाच्या संगणकापर्यंत बाहेरून कोणकोणत्या वाटा येतात आणि त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत? ज्या संस्थेला याचे उत्तर देता येत नाही, तिची तिजोरी कुलूप लावूनही उघडीच आहे.