दम धर बे, ऑइल तं चढू दे!

बल्लारपूर-राजुरा पट्ट्यातल्या कुठल्याही ट्रक गॅरेजात सकाळी जाऊन उभं राहा. सेल्फ मारल्या मारल्या क्लीनरनं रेस दिली, की उस्तादाची शिवी ठरलेली. शिवी छापता येत नाही, पण तिच्यामागचं कारण छापण्याजोगं आहे.

रात्रभर उभ्या ट्रकचं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये जाऊन बसतं. चालू इंजिनात क्रँकशाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, बंद इंजिनात तो बेअरिंगच्या वाट्यांवर टेकलेला असतो. पंप तेल वर ढकलेपर्यंतच्या काही सेकंदांत मदतीला असतो तो फक्त काल राहिलेला ओशटपणा. म्हणून प्रेशरचा काटा उठेपर्यंत पाय ॲक्सिलरेटरपासून लांब.

इंजिन खोललं की मिस्त्री आधी ती वाटी उजेडात धरतो. वर मऊ राखाडी थर, त्याखाली तांब्याचा, पाठीला पोलाद. राखाडीतून तांबडं डोकावलं, की मालकाचा चेहरा उतरलाच म्हणून समजा.

‘पाऊण झीज स्टार्टिंगलाच होते’ असं जाहिरातवाले ठोकून देतात. नागपूरला एका दमात जाणारा ट्रक आणि दिवसभर वजनकाट्यावर चालू-बंद होणारा टिप्पर, दोघांना एकच आकडा? गरम इंजिन पुन्हा चालू केलं तर फार बिघडत नाही. खरी परीक्षा रात्रभर गार पडलेल्याची.

आता थंडी. कॅनडात गाड्यांच्या नाकातून विजेची पिन लोंबते, रात्री इंजिन गरम ठेवायला. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांतही न गोठणारं डिझेल आणलं. आणि आपल्याकडे? गडचिरोलीचा पारा 8-10 वर आला की शेकोट्या पेटतात, पण ट्रकांत सर्रास चालणारं 15डब्ल्यू-40 ऑइल उणे 20 अंशांत सेल्फ फिरवण्याची चाचणी पास झालेलं असतं. स्वेटर उस्तादाला हवा, इंजिनाला नको.

त्यामुळे चहा होईस्तोवर ट्रक घुरघुरत ठेवणं ही निव्वळ हौस. गार इंजिनात न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि काजळी वाढते. मिनिटभर थांबायचं, मग हलक्या पायानं निघायचं. चालता चालता इंजिन लवकर तापतं.

टर्बोचं प्रकरण जरा नाजूक. त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे मारतो, तोही तेलावरच तरंगत. चालू करताच रेस दिली तर तो कोरडा फिरतो. चढ चढून आल्या आल्या चावी बंद केली तर आतलं तेल करपून त्याचा कोळसा होतो. कोळसा घुग्घुसच्या खाणीतून आणावा, टर्बोत पिकवू नये.

पण चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत इंजिनाचा खरा वैरी थंडी नाही, धूळ आहे. सुरजागडचं लोहखनिज, सिमेंट कारखान्यांचा चुनखडक, आलापल्लीकडचा लाल फुफाटा. डोळ्याला न दिसणारा पाच-दहा मायक्रॉनचा कणच सगळ्यात घातक, कारण तो तेलाच्या थरात नेमका अडकतो नि दोन्ही बाजूंनी खरवडतो. गार इंजिनात हा थर आधीच अपुरा, त्यात ही भर! आणि आपले पठ्ठे एअर फिल्टर टायरवर आपटून ‘साफ’ करतात. कागदाला बारीकशी चीर गेली की सगळी धूळ थेट सिलिंडरमध्ये. फिल्टरपेक्षा लायनर किती महाग, हे आपटणाऱ्याला कुणी सांगावं?

सेल्फ बिघडला म्हणून उतारावर गाडी लावणारेही भेटतात. ब्रेक सोडला, गिअर टाकला, क्लच सोडला, झाली चालू! तेल पोचायच्या आत इंजिन हजाराच्या वर फिरतं, तेही लोडवर. जुगाड म्हणून लाजवाब, रोजची सवय म्हणून महागडी.

जुन्या ट्रकांत एक सोय मात्र होती. हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी काढताना स्टॉपची नॉब ओढून धरायची आणि दहा-पंधरा सेकंद नुसता सेल्फ मारायचा. डिझेल बंद असल्यानं इंजिन पेट घेत नाही, पण पंप फिरून तेल वर पोचवतो. मग सेल्फ थंड होऊ द्यायचा, नॉब सोडायची आणि चालू करायची.