शिवडीचा किल्ला : घराजवळचा इतिहास

किल्ला म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो, नाहीतर चित्रातले जर्मनीचे उंच मनोऱ्यांचे किल्ले. पण घोडपदेवच्या मुलांनो, एक किल्ला तुमच्या अगदी जवळ आहे! कॉटन ग्रीनला हार्बर लोकल पकडा, पुढचंच स्टेशन शिवडी.

हा छोटा किल्ला इंग्रजांनी १६८० च्या सुमारास बांधला. जंजिऱ्याच्या सिद्दीची भीती होती, म्हणून पूर्वेच्या खाडीवर नजर ठेवायला ही चौकी.

आता दरवाजा नीट बघा. पहिल्या दारातून आत गेलात की अंगण लागतं. दुसरं दार समोर नाही, काटकोनात आहे. का बरं? धावत येणाऱ्या शत्रूला वळावं लागतं, त्याचा वेग मोडतो आणि तो अंगणात अडकतो. आपल्या गडांच्या वळणदार प्रवेशवाटांमागेही हाच विचार आहे.

तरीही १६८९ मध्ये सिद्दी याकूत खानाच्या फौजेने हा किल्ला घेतला, मग माझगावचाही. नुसत्या दगडांनी किल्ला टिकत नाही, राखणारी माणसं लागतात.

माझगावचा किल्ला आज उरलेला नाही, तिथे जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. शिवडीचा मात्र उभा आहे. जा, बघा, पण भिंतीवर नाव कोरू नका. आता राखणदार आपणच!