ज्वारीच्या ताटावरचं मेण

हुरड्याच्या दिवसांत बीडच्या कुठल्याही शिवारात जा आणि ज्वारीच्या ताटावरून अंगठा फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागेल. ते मेण आहे. अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने स्वतःवर ओढलेलं पांघरूण. पान कुजतं, कडबा गुरं खातात, पण मेण मोठं चिवट. मातीला चिकटून ते पावसात वाहू लागतं. ओढ्यातून बिंदुसरेत, तिथून सिंदफणेत, मंजरथला गोदावरीत आणि नांदेड, राजमहेंद्री करत थेट बंगालच्या उपसागरात. आष्टीकडचं काही पाणी सीनेतून भीमेला जातं. ते सोडलं तर जिल्ह्याच्या बहुतेक पाण्याची वाट शेवटी गोदावरीचीच.

समुद्राच्या तळाशी हा गाळ वर्षानुवर्षं थरावर थर बसत राहतो. २००६ साली एका जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १,२७० मीटर पाण्याखालून, अशा गाळाचा लांबच लांब दंडगोल उपसून काढला. मोहीम खरं तर समुद्रतळात गोठलेल्या मिथेन वायूच्या शोधात निघालेली. पण गाळ हाती आला आणि अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या कॅमिलो पाँटन, लिव्हिउ जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं मेण वाचायला घेतलं.

मेण वाचायचं म्हणजे काय? हवेतल्या कार्बनचे शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव अणू हलके, एखादाच जड. कडुलिंब, बाभूळ, सीताफळ ही झाडं त्या जड अणूच्या बाबतीत चोखंदळ. जमेल तितका त्याला टाळतात. ज्वारी, बाजरी, ऊस आणि माळावरची कुसळी यांची तऱ्हा वेगळी. ती आलेला कार्बन आधी पकडतात आणि पानातल्या आतल्या खोलीत कोंडतात. एकदा कोंडल्यावर निवड कसली करणार? जड असो की हलका, बहुतेक सगळाच वापरला जातो. या युक्तीमुळे पानाची छिद्रं फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत, पाणी वाचतं. म्हणून तर ही मंडळी कोरड्या मुलखात टिकतात. मेणात जड कार्बन वाढला, की समजायचं: वरच्या मुलखात झाडी हटली, गवत पसरलं.

२०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: गोदावरीच्या खोऱ्यात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेची वनस्पती हळूहळू वाढत गेली आणि १,७०० वर्षांपूर्वीपासून तिने ठाणच मांडलं. मराठवाड्याचा कोरडेपणा कालपरवाचा नाही तर!

इथे चाणाक्ष वाचक अडवेल. ज्वारी-बाजरी तर माणसानेच पेरली, मग पावसाला दोष का? म्हणून दुसरा साक्षीदार बोलावला. त्याच गाळात समुद्रावर तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची कवचं सापडतात. नद्यांचं गोडं पाणी कमी आलं की उपसागर खारट होतो आणि त्याची खूण कवचातल्या ऑक्सिजनवर उमटते. गेल्या ३,००० वर्षांत, त्यातही शेवटच्या १,७०० वर्षांत, आधी कधी नव्हता असा खारटपणा मधूनमधून येऊन गेल्याचं ती कवचं सांगतात. नांगर होताच, पण आभाळही आटलं होतं.

जवळचा साक्षीदार लोणारचा. तिथल्या तळ्यातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक मिळाले. पाणी आटून अतिखारट झालं की ते तयार होतात. तळ्याने स्वतःच ठेवलेली ही दुष्काळाची नोंद.

आजचं पाहायला उपग्रह आहेत. लँडसॅट मालिकेतला पहिला १९७२ साली, नेमक्या महाराष्ट्राच्या त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, वर गेला. तेव्हापासून माळ कधी हिरवा होतो आणि किती लवकर पिवळा पडतो, याचा हिशेब वरून ठेवता येतो.

मातीतली आपली नोंद मात्र समुद्रापर्यंत आता पूर्वीसारखी पोचत नाही. ती वाटेत धरणांत अडते. सिंदफणेचं मेण माजलगावच्या गाळात साचतं. आणि उन्हाळ्यात धरणांमधला गाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भरून पुन्हा शेतात टाकायची तर सरकारी योजनाच आहे.